डोक्याला बसणारा दुसरा मार

मूल पडले आणि डोके आपटले, असे प्रत्येक घरात कधी ना कधी होतेच. कुणी पलंगावरून पडते, कुणी झोळीतून, कुणी जिन्यावरून, तर कुणी शाळेच्या मैदानात धडकते. बहुतेक वेळा थोडे रडणे, कपाळावर एक टेंगूळ आणि घरातल्यांची घटकाभर धावपळ, एवढ्यावर ते निभावते. फार थोड्या मुलांच्या कवटीत मात्र त्याच वेळी रक्तस्राव सुरू झालेला असतो. पंचाईत अशी, की पहिल्या तासाभरात ही दोन्ही मुले सारखीच दिसू शकतात.

त्यामुळे दोन उलट्या दिशांच्या चुका होतात. एकीकडे ‘काही होत नाही, झोपला की बरा होईल’ म्हणत वेळ दवडला जातो. दुसरीकडे टेंगूळ दिसले की ‘आधी सीटी स्कॅन करा’ असा आग्रह धरला जातो. पहिल्या चुकीत मूल हातचे जाऊ शकते. दुसऱ्या चुकीत चांगल्या मुलाला विनाकारण क्ष-किरणांचा मोठा डोस मिळतो. या दोन्हींच्या मधली वाट वैद्यकशास्त्राने बऱ्याच अभ्यासानंतर आखली आहे. ती पालकांनाही ठाऊक असायला हवी, कारण तिचा पहिला टप्पा घरातच सुरू होतो.

मार दोनदा बसतो

डोके आपटते त्या क्षणी मेंदूला जी इजा होते, ती प्राथमिक इजा. पेशी चिरडतात, तंतू ताणले जातात, एखादी रक्तवाहिनी फुटते. ती इजा उलटवणारे औषध आज जगात कुठेही उपलब्ध नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढच्या काही तासांत आणि दिवसांत मेंदूला सूज येते, रक्ताची गाठ वाढते. कवटी ही हाडांची बंद पेटी आहे. आत काही वाढले की दाब वाढतो आणि मेंदूला मिळणारे रक्त कमी होते. त्यात श्वास नीट चालत नसेल, ऑक्सिजन कमी पडला, रक्तदाब घसरला, साखर उतरली किंवा झटके येत राहिले, तर पहिल्या फटक्यातून वाचलेल्या पेशीही मरू लागतात. ही दुय्यम इजा, म्हणजेच मेंदूला बसणारा दुसरा मार.

डोक्याच्या दुखापतीवरील तातडीच्या उपचारांचा सगळा भर या दुसऱ्या मारावर असतो. तो टाळता येतो किंवा सौम्य तरी करता येतो. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत: मोकळा श्वासमार्ग, पुरेसा ऑक्सिजन, योग्य रक्तदाब आणि गरज असेल तेव्हा वेळेत शस्त्रक्रिया. अवघड असते ते यातली एकही कडी न निसटू देणे.

लहान मुलाचे डोके वेगळे

नवजात बाळाच्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा डोक्याचाच असतो. मान नाजूक, डोके जड. त्यामुळे तान्हे मूल पडले की बहुधा डोक्यावरच पडते. कवटीची हाडे पातळ असतात. टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरत येते आणि हाडांचे सांधेही तोवर पक्के झालेले नसतात. त्यामुळे दाब वाढला तरी तान्ह्या बाळात त्याच्या खुणा उशिरा दिसू शकतात. फुगलेली, ताणलेली टाळू ही अशीच एक खूण.

रक्ताचा हिशेबही वेगळा. लहान बाळाच्या अंगात किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ५ किलोच्या बाळात जेमतेम ४०० मिलिलिटर. डोक्याच्या कातडीला भरपूर रक्तपुरवठा असतो. मोठ्या माणसाच्या डोक्यातून एक वाटीभर रक्त गेले तर तो घाबरेल, पण सावरेल. तान्ह्या बाळासाठी तेवढाच रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे लहान मूल सांगू शकत नाही. ‘डोके दुखतेय’, ‘दोन-दोन दिसतेय’ हे शब्द त्याच्याकडे नसतात. ते नुसते किरकिरते, दूध पीत नाही, आईच्या हाकेला ओ देत नाही. ‘हा नेहमीसारखा वागत नाहीये’ हे आईचे किंवा आजीचे वाक्य म्हणूनच वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका नियमावलीत दोन वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे हे निरीक्षण धोक्याच्या खुणांच्या यादीत रीतसर घेतलेले आहे.

पहिली दहा मिनिटे

मूल पडले की आधी स्वतः श्वास घ्या आणि घड्याळ पाहा. पडल्याची वेळ पुढे प्रत्येक डॉक्टर विचारणार आहे.

मूल लगेच रडले, हातपाय हलवते आहे, ओळखते आहे, तर ती चांगली लक्षणे आहेत. टेंगुळावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरावा. जखमेतून रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने १० मिनिटे न सोडता दाबून धरावे. दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून पाहू नये. हाड खचल्यासारखे वाटत असेल, तर त्या जागी मात्र जोर देऊ नये. हळद, चहापूड, कॉफी, तेल जखमेत भरू नये. टाके घालण्यापूर्वी ते सगळे धुऊन काढावे लागते आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते.

मूल उंचावरून पडले असेल किंवा वाहनाची धडक बसली असेल, तर मानेलाही इजा झाली आहे असे धरूनच चालावे. बगलेत धरून त्याला झटकन उभे करू नये. डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, दोघा-तिघांनी मिळून उचलावे. बेशुद्ध मुलाला उलटी होऊ लागली, तर मान न वळवता सगळे शरीर एकत्र कुशीवर करावे. नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाते.

झटका आला तर कुशीवर वळवावे आणि आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला कराव्यात. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. दातांत चमचा घालू नये. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी, साखर, औषध काहीही घालू नये. कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येत असेल, तर कापसाचा बोळा कोंबू नये. तो द्रव मेंदूभोवतीचा असू शकतो.

रडणारे मूल गप्प व्हावे किंवा गुंगीतले मूल जागे व्हावे म्हणून त्याला जोरजोरात हलवू नये. तान्ह्या बाळाला तसे गदागदा हलवण्यानेही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

कोणत्या खुणा दिसल्या की थांबायचे नाही

मूल काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ बेशुद्ध होते. ते उठवूनही नीट उठत नाही. बोलणे असंबद्ध झाले आहे किंवा तेच तेच विचारते आहे. वारंवार उलट्या होत आहेत. डोकेदुखी वाढतच चालली आहे. झटका आला आहे. एका बाजूचा हात किंवा पाय कमी हलतो आहे, चालताना तोल जातो आहे. एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसते आहे. दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे पडले आहे. यांपैकी एकही खूण असेल, तर जवळच्या दवाखान्यात तपासून घेऊ, सकाळी बघू, असे करत बसू नये. थेट मोठे रुग्णालय गाठावे.

दोन वर्षांखालील मुलात आणखी एक गोष्ट हाताने चाचपून पाहावी. कपाळावरचे टेंगूळ सहसा तितके चिंतेचे नसते. पण डोक्याच्या बाजूला किंवा मागे मऊ, लिबलिबीत सूज लागली, तर खाली हाड तडकलेले असण्याची शक्यता असते. एक वर्षाखालील बाळाला, त्यातही पहिल्या काही महिन्यांच्या बाळाला, डोक्याला लागल्यावर डॉक्टरांना दाखवलेलेच बरे.

एका फसव्या प्रकाराबद्दल मुद्दाम सांगायला हवे. कवटी आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव होतो, तेव्हा काही रुग्ण पडल्यावर क्षणभर बेशुद्ध होतात, मग शुद्धीवर येतात, बोलतात, काही तास ठीक वाटतात आणि नंतर झपाट्याने खालावतात. वेळेत शस्त्रक्रिया झाली, तर यातली बरीच मुले पूर्ण बरी होतात. म्हणून ‘आता तर छान बोलतोय’ एवढ्यावर विसंबून मोठ्या अपघातातून आलेल्या मुलाला घरी नेण्याची घाई करू नये.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे आणि रुग्णवाहिकेत डॉक्टर असणे हे तिचे वैशिष्ट्य. मूल बेशुद्ध असेल, श्वास नीट नसेल, झटके येत असतील, तर रिक्षात मांडीवर घेऊन पळण्यापेक्षा ऑक्सिजन असलेली गाडी अधिक सुरक्षित. मात्र गाडीला फार वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने, मान सरळ ठेवून निघावे.

सीटी स्कॅन कोणाला हवा?

कवटीच्या आतला ताजा रक्तस्राव शोधण्यासाठी सीटी स्कॅनसारखे जलद साधन नाही. पण त्यात क्ष-किरण वापरतात आणि वाढत्या वयाच्या पेशी त्यांना अधिक संवेदनशील असतात. २०१२मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधील मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार, १० वर्षांखालील १०,००० मुलांचे डोक्याचे सीटी स्कॅन केले, तर पुढील १० वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण आढळतो. हा धोका लहान आहे. गरज असलेल्या मुलाचा स्कॅन या भीतीने टाळणे हा वेडेपणा ठरेल. पण गरज नसताना करणेही शहाणपणाचे नाही. शिवाय लहान मूल स्थिर पडून राहत नाही. त्याला गुंगीचे औषध द्यावे लागू शकते आणि त्याचे स्वतःचे धोके असतात.

मग गरज ठरवायची कशी? उत्तर अमेरिकेतील २५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत डोक्याला लागून आलेल्या ४२,४१२ मुलांची माहिती गोळा करण्यात आली. ही मुले शुद्धीवर होती किंवा किंचितच सुस्त होती. २००९मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. साधारण तिघांपैकी एका मुलाचा सीटी स्कॅन झाला होता. पण मेंदूची महत्त्वाची इजा निघाली ती १०० मुलांमागे एकालाही पुरती नाही. मेंदूची शस्त्रक्रिया तर १,०००मध्ये एक-दोन मुलांनाच लागली.

या अभ्यासातून जी नियमावली तयार झाली, ती थोडक्यात अशी. शुद्धी पूर्ण नाही, किंवा कवटीचे हाड मोडल्याच्या खुणा आहेत, अशा मुलांत महत्त्वाच्या इजेची शक्यता ४ टक्क्यांच्या वर असते. त्यांचा स्कॅन लगेच करावा. दुसरा गट मधला. काही काळ बेशुद्धी, उलट्या, तीव्र डोकेदुखी, तान्ह्या मुलात बाजूची किंवा मागची सूज, पालकांना वेगळे वाटणारे वागणे, किंवा मोठा आघात. मोठा आघात म्हणजे दोन वर्षांखालील मूल ३ फुटांपेक्षा, त्याहून मोठे मूल ५ फुटांपेक्षा अधिक उंचीवरून पडणे, किंवा पायी चालताना वाहनाने उडवणे. या गटात शक्यता १ टक्क्याच्या आत असते. अशा मुलाला रुग्णालयात काही तास निरीक्षणाखाली ठेवता येते. लक्षणे वाढली तर स्कॅन, निवळली तर घरी. यांपैकी काहीच नसलेल्या तिसऱ्या गटात शक्यता इतकी नगण्य असते, की स्कॅनची गरजच नसते.

म्हणजे निरीक्षण हाही एक उपचारच आहे. ‘डॉक्टरांनी काही केले नाही, नुसते बसवून ठेवले’ ही तक्रार तातडीच्या विभागात रोज ऐकू येते. पण त्या चार-सहा तासांत दर अर्ध्या-एक तासाने मुलाची शुद्धी, बाहुल्या, नाडी तपासली जात असेल, तर ते वैद्यकशास्त्राला धरूनच आहे. तपासणी न होता मूल नुसतेच बाकावर बसले असेल, तर मात्र विचारण्याचा हक्क पालकांना आहे.

रुग्णालयातली सुरक्षितता

१७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन. २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा विषय नवजात अर्भके आणि मुले यांची सुरक्षित देखभाल असा ठेवला होता. त्यामागचे कारण तातडीच्या विभागात एक दिवस काढला तरी कळते. मोठ्यांसाठी रचलेल्या व्यवस्थेत मूल आले, की चुकीची जागा वाढते.

पहिली जागा वजनाची. मोठ्यांना बहुतेक औषधांची ठरलेली गोळी असते. मुलांना प्रत्येक औषध किलोमागे मोजून द्यावे लागते. वजन चुकले की प्रत्येक डोस चुकतो आणि दशांश चिन्ह सरकले तर थेट दहापट. वजन करणे शक्य नसेल, तर मुलाच्या उंचीवरून वजनाचा अंदाज देणारी रंगीत पट्टी अनेक ठिकाणी वापरतात. पण ती अमेरिकन मुलांवर बेतलेली आहे. आपल्याकडच्या मुलांत, विशेषतः १० किलोंच्या वर, ती खऱ्यापेक्षा जास्त वजन दाखवते, असे २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मुलांच्या अभ्यासात दिसले. म्हणून शक्य तेथे वजनकाटा वापरावा. पालकांना अलीकडचे वजन माहीत असेल, तर ते आपणहून सांगावे.

दुसरी जागा रक्तदाबाची. १ ते १० वर्षांच्या मुलात वरच्या रक्तदाबाची किमान मर्यादा ७० अधिक वयाची दुप्पट अशी काढतात. चार वर्षांच्या मुलासाठी ती ७८. मुलांचे शरीर रक्त गेल्यावरही बराच वेळ दाब टिकवून धरते आणि मग एकदम कोसळते. त्याआधी नाडी वेगाने चालू लागते, हातपाय गार पडतात. त्या खुणा ओळखणारी परिचारिका यंत्राच्या आधी धोका ओळखते. उलट, नाडी मंदावत जाणे, रक्तदाब चढणे आणि श्वास अनियमित होणे हे कवटीतला दाब फार वाढल्याचे, उशिराचे लक्षण आहे.

तिसरी जागा शुद्धी मोजण्याची. ‘पेशंट सुस्त आहे’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४मध्ये डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टींना गुण देण्याची पद्धत मांडली. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. न बोलणाऱ्या बाळांसाठी तिच्यात रडणे, हसणे, प्रतिसाद देणे यांचा विचार करून बदल केले आहेत. ८ किंवा त्याखाली गुण असलेले मूल स्वतःचा श्वासमार्ग राखू शकत नाही, असे मानून नळी घालण्याची तयारी ठेवतात. एका आकड्यापेक्षा त्याची वाटचाल अधिक सांगते. ११ वाजता १४ असलेले मूल १२ वाजता १२वर आले, तर धावपळ व्हायलाच हवी. पण त्यासाठी दोन्ही आकडे, वेळेसह, केसपेपरवर लिहिलेले असावे लागतात.

चौथी जागा सीटी स्कॅनची खोली. अनेक रुग्णालयांत ती तातडीच्या विभागापासून लांब असते. गुंगीतले मूल स्ट्रेचरवरून तिकडे जाते, तेव्हा सोबत ऑक्सिजन, नाडी व ऑक्सिजन मोजणारे यंत्र आणि श्वास देऊ शकणारी व्यक्ती हवीच. फक्त वॉर्डबॉय आणि बाप यांच्या भरवशावर त्याला पाठवू नये.

उपचारांबाबतही काही गैरसमज आहेत. ‘सलाईन लावा, ग्लुकोज द्या’ हा आग्रह नेहमीचा. पण मेंदूला मार लागलेल्या मुलाला नुसते ग्लुकोजचे पाणी दिले, तर मेंदूची सूज वाढू शकते. साखर कमी असेल तरच ती भरून काढावी. एरवी नॉर्मल सलाईन हेच योग्य. ‘सूज उतरायचे इंजेक्शन’ म्हणून स्टेरॉइड देण्याची पद्धत अनेक वर्षे होती. १०,००८ प्रौढ रुग्णांवरच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत स्टेरॉइड दिलेल्या गटात दोन आठवड्यांतील मृत्यू २१.१ टक्के निघाले, न दिलेल्या गटात १७.९ टक्के. २००४मध्ये हे निष्कर्ष आल्यावर ती पद्धत मागे पडली. मुलांमध्येही कवटीतील दाब उतरवण्यासाठी स्टेरॉइडची शिफारस केली जात नाही. डोक्याकडची बाजू सुमारे ३० अंश उंच करणे, मान सरळ ठेवणे, वेदना कमी करणे, ताप येऊ न देणे या साध्या गोष्टी मात्र खरोखर उपयोगी पडतात.

‘पुढे घेऊन जा’ म्हणण्यापूर्वी

मेंदूशल्यचिकित्सक प्रत्येक तालुक्यात नाहीत. ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयात, तिथून वैद्यकीय महाविद्यालयात, असा प्रवास अनेक मुलांना करावा लागतो. रुग्ण पुढे पाठवणे चूक नाही. चूक आहे ती त्याला सावरल्याशिवाय आणि पुढच्या ठिकाणी कळवल्याशिवाय पाठवणे. श्वास आणि रक्तदाब स्थिर न करता निघालेल्या गाडीत दुसरा मार रस्त्यातच बसतो. एका रुग्णालयात खाट नाही, दुसऱ्यात सर्जन नाही, असे तीन दरवाजे फिरण्यात रक्ताची गाठ वाढत राहते.

पाठवण्यापूर्वी एक फोन आणि एक चिठ्ठी, एवढे तरी व्हायलाच हवे. फोनवर खाट, सर्जन आणि व्हेंटिलेटर यांची खात्री. चिठ्ठीवर पडल्याची वेळ, आल्यावरचे आणि निघतानाचे शुद्धीचे गुण, बाहुल्यांची स्थिती, दिलेली औषधे डोस आणि वेळेसह, मुलाचे वजन आणि शेवटचे खाणे कधी झाले. स्कॅन झाला असेल तर त्याची फिल्म किंवा सीडी सोबत. ती राहिली की स्कॅन पुन्हा होतो, वेळ पुन्हा जातो. पालकांनीही निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: कुठे जायचे, तिथे कळवले आहे का, आणि सोबत कोण येणार.

डॉक्टरांपासून लपवू नका

निदान चुकण्याचे एक कारण रुग्णालयाबाहेर असते. बाळ कडेवरून पडले, पण ‘सासूबाई रागावतील’ म्हणून सून सांगत नाही. जिन्यावरून गडगडले, पण ‘पलंगावरून पडले’ असे सांगितले जाते. दुचाकीची धडक असते, पण ‘पोलीस केस नको’ म्हणून घरी पडल्याचे सांगतात. किती उंचीवरून, कशावर आणि किती वाजता पडले, यावर स्कॅनचा निर्णय अवलंबून असतो. खोटी माहिती म्हणजे मुलाला कमी धोक्याच्या गटात ढकलणे.

पोलीस केसमुळे उपचार थांबत नाहीत, थांबवता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्येच स्पष्ट केले, की जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे. कायदेशीर सोपस्कार त्यानंतर. रस्त्यावर पडलेल्या मुलाला उचलून आणणाऱ्या अनोळखी माणसालाही मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. रस्ते अपघातातील जखमींना ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार देणारी केंद्र सरकारची योजनाही मे २०२५मध्ये अधिसूचित झाली आहे.

दुसरी बाजूही आहे. सांगितलेली हकिगत आणि दिसणारी इजा जुळत नसेल, अजून न रांगणाऱ्या बाळाला मोठी इजा असेल, जुन्या जखमांच्या खुणा असतील, तर डॉक्टर अधिक विचारणारच. तो प्रश्न पालकांवर आरोप म्हणून घेऊ नये. बोलू न शकणाऱ्या बाळाच्या वतीने तो कुणीतरी विचारावाच लागतो.

घरी आल्यानंतर

घरी सोडलेल्या मुलाच्या हातात केव्हा परत यायचे हे मराठीत लिहिलेला कागद असावा. तोंडी सूचना घाबरलेल्या पालकांच्या लक्षात राहत नाहीत. ‘झोपू देऊ नका’ हा जुना धाक आता उरलेला नाही. तपासून ठीक ठरलेल्या मुलाला झोपू द्यावे. डॉक्टरांनी सांगितले असेल, तर पहिल्या रात्री एक-दोनदा हलके उठवून ते ओळखते का, नीट बोलते का, एवढे पाहावे. दुखण्यासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल पुरे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. झोपेची किंवा उलटीची औषधे मनाने देऊ नयेत. त्यांच्या गुंगीत धोक्याची खूण झाकली जाते.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल आणि टीव्ही कमी, मग हळूहळू शाळा. काही मुलांना काही दिवस, क्वचित काही आठवडे डोकेदुखी, चिडचिड, विसराळूपणा, अभ्यासात लक्ष न लागणे जाणवते. वर्गशिक्षकांना कळवून ठेवले, तर त्याला कोणी आळस म्हणणार नाही. मैदानावर डोक्याला लागून भोवळ आलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा खेळायला उतरवू नये. पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला, तर परिणाम अधिक गंभीर होऊ शकतो.

पहिला मारच टाळता आला तर

प्राथमिक इजेवर औषध नसल्याने तिच्यावरचा एकमेव उपाय म्हणजे प्रतिबंध. आपल्याकडे दुचाकीवर आईबाप आणि दोन मुले हे रोजचे दृश्य आहे. हेल्मेट असले तर ते बहुधा चालवणाऱ्याच्या डोक्यावर. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांसाठी सुरक्षा पट्टा, मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा नियम केंद्राने २०२२मध्ये काढला व फेब्रुवारी २०२३पासून लागू केला. मोठ्याचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवणे निरुपयोगी आहे. ते पडताना निसटते.

घरात तान्ह्याला पलंगावर एकटे ठेवू नये, उशांची भिंत त्याला अडवत नाही. चाकांच्या वॉकरमध्ये बसलेले मूल क्षणात जिन्यापर्यंत पोचते. कॅनडाने २००४मध्ये या वॉकरची विक्रीच बंद केली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा, उभे राहून ढकलायचा, मोठ्यांची नजर असेल तर त्यापेक्षा बरा. खिडक्यांना जाळी, जिन्याला दार, गच्चीला कठडा ही कामे घराचा रंग देण्याआधी व्हावीत. संक्रांतीच्या सुमारास पतंगामागे धावणारी मुले कठडा नसलेल्या गच्चीवर मागे मागे सरकतात. तिथे एक मोठे माणूस हवे. दहीहंडीच्या थरांत १४ वर्षांखालील मुलांना घेणार नाही, असे राज्य सरकारने २०१७मध्ये उच्च न्यायालयात सांगितले होते. सर्वांत वरच्या थरावर कोण चढते, हे पाहणाऱ्यांनीही पाहायला हवे.

एवढे करूनही मुले पडणारच. तेव्हा घरातल्या कोणालाही पाठ असाव्यात अशा चार गोष्टी: पडल्याची वेळ, मुलाचे वजन, १०८ हा क्रमांक आणि जवळचे असे रुग्णालय, जिथे सीटी स्कॅन रात्रीही होतो. शेवटची माहिती आजच, सगळे ठीक असताना, विचारून ठेवावी. लसीकरणाच्या कार्डाच्या मागे ती लिहिली, तर रात्री दोन वाजता शोधाशोध करावी लागणार नाही.